दुकानाची वेबसाईट करून घेतली त्याचा अनुभव (सांगली, हळद-बेदाणा) आणि भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर

गणपती पेठेत आमचं हळद, बेदाणा आणि मसाल्याचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. यंदा दुकानाची वेबसाईट एका मुलीकडून करून घेतली, ती एकटीच काम करते, विश्रामबागला घरूनच, ऑफिस बोर्ड असलं काही नाही. नाव टाकत नाहीये कारण तिनंच सांगितलं काकू आत्ता नको, दिवाळीपर्यंत हातात कामं आहेत, नवीन फोन आले तर नाही म्हणायला जीवावर येतं. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं सांगते.

एवढं मोठं लिहायचं कारण म्हणजे माझा भाचा, नणंदेचा मुलगा. बारावी झाली, त्याला वेब डिझाईन शिकायचंय आणि त्यावरनं घरात रोज वाद. नणंदेचे मिस्टर म्हणतात ते काम आता एआय दहा मिनिटात फुकट करतंय, त्यात कसलं करिअर आणि कसली कला, गप इंजिनिअरिंगला फॉर्म भर. मग पोराचा मला फोन, मामी तुम्ही आत्ताच करून घेतलीय ना, तुम्ही सांगा ह्यात काही राहिलंय का. त्याला उत्तर लिहायला बसले तर ते लांबतच गेलं, म्हटलं सगळ्यांनाच वाचू दे, माझ्यासारखे दुकानदार पण विचार करत असतील पैसे घालावेत का नाही.

आधीच्या दोन वेबसाईट्स बद्दल थोडक्यात. पहिली आठ-नऊ वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या कंपनीकडून करून घेतली होती, अठरा हजार दिले. त्यात सगळं मराठी चित्र करून चिकटवलेलं, म्हणजे अक्षरं नाहीतच, अक्षरांचा फोटो. कारण त्यांनी ते युनिकोडच्या (म्हणजे आता सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या जुन्या फॉन्टमधे टाईप केलेलं, तसंच टाकलं असतं तर वाचणाऱ्याला मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला असता. फोटो असल्यामुळं गुगलला आमच्या दुकानाचा एक शब्द कधी वाचता आला नाही, हे मला आत्ता कळलं. आणि डोमेन, म्हणजे साईटचा इंटरनेटवरचा पत्ता, त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलेलं. दोन वर्षांनी फोन उचलायचे बंद झाले आणि साईट पण बंद. दुकानदारांनो, डोमेन कुणाच्या नावावर आहे ते पहिल्या दिवशी विचारा.

दुसरी साईट गेल्या दिवाळीत ह्याच भाच्यानं एआयवाल्या बिल्डरवर, म्हणजे आपोआप साईट बनवून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, करून दिली, खरंच दहा मिनिटात झाली. वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. हिरवा-पिवळा रंग, मोठा फोटो, 'परंपरेचा सुवास' असं काहीतरी वर लिहिलेलं, मला तर पहिल्या दिवशी आवडली पण. आमचे हे पण सगळ्यांना दाखवत होते. पण महिना गेला दोन महिने गेले, जे फोन यायचे ते सगळे त्याच त्या प्रश्नाचे, भाव काय, बेदाणा हिरवा का पिवळा, कुटून देता का. म्हणजे माणूस आख्खी साईट बघून परत फोनच करत होता. फोटोतला बेदाणा आमचा नव्हता, हळद कुठली होती देव जाणे. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, ही अक्षरं अशी सुटी का पडलीत गं, दात पडल्यासारखी?

तेव्हा मला कळलं नाही त्या काय म्हणतायत. ते नंतर त्या मुलीनं दाखवलं. बिल्डरमधलं डिझाईन मूळचं इंग्रजीसाठी, तिकडं मोठ्या अक्षरांमधे जागा सोडली की रुबाबदार दिसतं, तीच जागा मराठीत सुटली की शिरोरेषा तुटते. 'हळद' ह्या शब्दाचे तीन तुकडे, ह, ळ, द, मधे फटी. आणि दोन ओळींमधलं अंतर इतकं कमी की 'हळकुंड' मधला खालचा उकार खालच्या ओळीनं खाल्लेला आणि वरचा अनुस्वार अर्धा कापलेला. दोन महिने आम्ही ते बघत होतो आणि आमच्या लक्षात आलं नाही, चौथी शिकलेल्या सासूबाईंच्या लक्षात आलं.

आता मुख्य अनुभव. ती मुलगी पहिल्या दिवशी आली ती लॅपटॉप न घेता, नुसती वही. मला म्हणाली काकू मी काट्याजवळ बसू का, तुमचं चालू द्या. दोन दिवस अर्धा-अर्धा दिवस बसली पोत्यावर, गिऱ्हाईक काय विचारतंय ते लिहीत. मला पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं, म्हटलं हिला काम येतं का नाही, पैसे कशाचे द्यायचेत. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वही दाखवली. सगळ्यात जास्त वेळा विचारलेलं, 'ह्या सीझनची का?' त्याच्या खाली 'आज काय भाव'. मग पॉलिश का बिनपॉलिश, कुटून मिळेल का, पुण्याला पाठवता का. आणि 'परंपरा' हा शब्द दोन दिवसात एकदा पण कुणी काढला नव्हता.

म्हणून आमच्या साईटवर सगळ्यात वर फोटो नाहीये. वर आहे आजचा भाव, राजापुरी हळकुंड, कुटलेली हळद, हिरवा बेदाणा, पिवळा, काळा, आणि खाली बारीक ओळ, भाव कधी बदलला ती तारीख-वेळ. हा भाव मी स्वतः मोबाईलवरनं बदलते सकाळी दुकान उघडलं की. त्यासाठी तिनं मला एक वेगळं छोटं पान करून दिलंय आणि ते करताना ती माझ्याकडं बघत बसली होती, माझ्या हाताकडं. माझे हात दिवसभर हळदीनं भरलेले असतात, बोटं कोरडी पडतात, स्क्रीनवर पिवळी पूड बसते आणि बारीक बटण दाबलं तर शेजारचंच दाबलं जातं. तिनं घरी जाऊन सगळी बटणं मोठी केली, एकेक बटण अंगठ्याएवढं, आणि दोन बटणांच्यात मोकळी जागा. मी मागितलं नव्हतं.

पिवळ्या रंगावरनं आमचं भांडण झालं. हळदीचं दुकान म्हटल्यावर मला पिवळ्या अक्षरात नाव पाहिजे होतं. ती काही बोलली नाही, मला भर दुपारी दुकानाबाहेर रस्त्यावर घेऊन गेली, मोबाईल हातात दिला, म्हणाली वाचा. पांढऱ्यावरची पिवळी अक्षरं उन्हात गायब. मग सांगितलं की वेबचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, साध्या मजकुराला अक्षर आणि मागचा रंग ह्यांच्यात कमीत कमी ४.५ ला १ असा फरक पाहिजे, पांढऱ्यावर पिवळा त्याच्या जवळपास पण जात नाही. आता अक्षरं गडद तपकिरी आहेत, मातीतनं काढलेल्या ओल्या हळदीच्या सालीसारखी, आणि पिवळा फक्त एका ठिकाणी आहे. ते ठिकाण सांगते, कारण ह्या सगळ्या लिखाणाचं मूळ तेच आहे.

आमच्या धंद्यात हळकुंड पारखायचं म्हणजे मोडून बघायचं. नीट वाळलेलं असेल तर मोडताना कट्ट असा धातूसारखा आवाज येतो आणि आत रंग दिसतो. ओलसर राहिलेलं नुसतं वाकतं. जुनी गिऱ्हाईकं येतात, पोत्यातनं एक हळकुंड उचलतात, कानाजवळ धरून मोडतात, मग बोलतात. त्या मुलीनं हे वहीत लिहिलं होतं, 'कानाजवळ का नेतात?' असं प्रश्नचिन्ह देऊन. मी सांगितल्यावर एकदम उठली. म्हणाली उद्या सकाळी गर्दी व्हायच्या आत येते.

सकाळी आली, अर्धं शटर उघडं ठेवायला सांगितलं, उजेड एका बाजूनंच पाहिजे म्हणे, आणि आमच्या ह्यांचे हात मोबाईलवर शूट केले. फक्त हात. एक हळकुंड, कट्ट, आणि आतला तो नारिंगी-पिवळा रंग. तीन सेकंद. रस्त्यावरनं गाड्या जात होत्या म्हणून बारा-तेरा हळकुंडं मोडली तेव्हा एक आवाज स्वच्छ मिळाला. साईटवर भावाच्या खाली ते आहे, आपोआप वाजत नाही, खाली बटण आहे 'आवाज ऐका'. आख्ख्या साईटवर पिवळा रंग तेवढाच, हळकुंडाच्या आतला.

पुण्याहून एका आजींचा फोन आला, ऐंशीच्या पुढच्या असतील, माहेर कवठेमहांकाळकडचं. भाव नाही विचारला, काही नाही, म्हणाल्या तो आवाज ऐकला, आमचे वडील असंच मोडून बघायचे, दोन किलो पाठवा.

भाच्या, हे तुझ्यासाठी लिहितेय. तू दहा मिनिटात केलेल्या साईटमधे आणि हिच्या साईटमधे फरक हा आहे. मी तिला सरळ विचारलं होतं तू एआय वापरतेस का. म्हणाली हो काकू, कोडचा बराच भाग त्याच्याकडनं लिहून घेते, मग वाचते, दुरुस्त करते, पूर्वी ह्याला मला चार दिवस लागायचे. लपवलं नाही. पण त्या एआयला आमच्या दुकानात येऊन पोत्यावर बसता आलं नसतं, आणि आम्ही सांगितलं पण नसतं की हळकुंड कानाजवळ मोडतात, कारण आमच्यासाठी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती, रोजचीच.

मग मी तिला तुझा प्रश्न विचारला. तिनं गोड गोड उत्तर दिलं नाही. म्हणाली पाच पानांच्या साध्या वेबसाईटची पाच-दहा हजाराची कामं संपली, ती परत येणार नाहीत, तिच्या बॅचच्या निम्म्या पोरांनी लाईन बदलली. ती स्वतः पुण्यात तीन वर्षं एका एजन्सीत होती, तिथं दिवसभर काम म्हणजे तयार साचा घ्यायचा, लोगो बदलायचा, रंग बदलायचा, सणासुदीचे बॅनर टाकायचे, साईट वापरणाऱ्या एका पण माणसाचं तोंड तीन वर्षात बघितलं नाही. ते काम गेलं तर मला वाईट वाटत नाही म्हणाली, ते माणसाला मशीन करणारंच होतं. रडत सांगितलं असं नाही पण आवाजात होतं ते.

आणि वेब डिझाईन मरणार मरणार असं ती शिकायला लागल्यापासून ऐकतेय. तिच्या कॉलेजात फ्लॅश नावाचं सॉफ्टवेअर शिकवायचे, सगळं हलणारं उडणारं, ते ॲडोबनं ३१ डिसेंबर २०२० नंतर बंदच केलं. मोबाईल आले तेव्हा कॉम्प्युटरच्या मापानं केलेली सगळी पानं फुकट गेली, मग २०१० साली ईथन मार्कॉट म्हणून अमेरिकेतला डिझायनर, त्यानं मांडलं की एकच पान असं बांधा जे प्रत्येक स्क्रीनला जुळवून घेईल, आज सगळं तसंच चालतं. वर्डप्रेस ह्या साईट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या तयार थीम्स, म्हणजे साचे, आले तेव्हा पण लोक म्हणाले संपलं. दर वेळी हत्यारं बदलली आणि ज्यांना फक्त हत्यारच येत होतं ते बाहेर पडले. हे तिचं म्हणणं, मला पटलं, कारण आमच्याकडं पण कुटायला डंख होता, मग मशीन आलं, आता तर लोक पॅकेटच घेतात, तरी हळद पारखणारा माणूस लागतोच.

मिरजेचे एक गुरुजी आमचे जुने गिऱ्हाईक आहेत, तबला शिकवतात, डोळ्यांनी दिसत नाही. मोबाईल वापरतात टॉकबॅकवर, म्हणजे बोट फिरवलं की फोन वाचून दाखवतो. जुन्या साईटवर त्यांना फोन काय ऐकवायचा तर बटण, बटण, लेबल नसलेलं बटण. हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आपले फोन करून ऑर्डर द्यायचे. ती मुलगी त्यांच्या घरी गेली मिरजेला, अर्धा तास त्यांच्या शेजारी बसून त्यांचा फोन ऐकला आणि आल्यावर प्रत्येक बटणाला नाव दिलं, फोटोंना वर्णन लिहिलं. हळकुंडाच्या व्हिडिओचं वर्णन तिनं मलाच लिहायला लावलं, म्हणाली तुम्हाला जसं दिसतं तसं लिहा. पुढच्या आठवड्यात गुरुजींची अर्धा किलो हळद आणि पाव किलो बेदाण्याची ऑर्डर साईटवरनं आली, स्वतः केलेली. मी पार्सल बांधताना दोन वेळा नाव वाचलं. ह्या कामाला अर्थ आहे का असं कुणी विचारलं तर माझ्याकडं ती ऑर्डर आहे.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. फॉन्ट मुक्ता वापरलाय, मुंबईच्या 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला, फुकट मिळतो, उकार-वेलांट्यांना जागा व्यवस्थित आहे, सासूबाईंनी पास केला. साईट हलकी आहे, तिनं सावळजला माझ्या भावाच्या द्राक्षबागेत जाऊन उघडून बघितली, तिथं रेंजची बोंब आहे तरी लगेच उघडली, आधीची तिथं गोल गोल फिरत बसायची. जीआयचा, म्हणजे माल त्याच भागातला आहे अशा सरकारी मानांकनाचा लोगो मोठा लावा असा माझा आग्रह होता, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला आणि हळदीला २०१८ ला जीआय मिळालंय, आपल्याला अभिमान आहेच. तर तिनं विचारलं काकू तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का, नसेल तर लोगो लावता येत नाही. नव्हती. आता ह्यांनी अर्ज करायचं मनावर घेतलंय. आणि सासूबाईंकडनं तिनं हरिपूरच्या पेवांची गोष्ट ऐकून घेतली, जमिनीखाली मातीच्या पेवात हळद वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या पुरात बऱ्याच पेवांची वाट लागली. ते सासूबाईंच्याच शब्दात, सहा ओळीत, खाली टाकलंय. 'परंपरेचा सुवास' गेला.

पुरावरनं आठवलं. तिनं विचारलं पावसाळ्यात काय करता. आम्ही काय करणार, सगळी सांगली जे करते तेच, आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघत बसतो. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ ला सत्तावन्न फुटाच्या वर गेलं तेव्हा दुकानात पाणी, माल गेला आणि गिऱ्हाईकांच्या पत्त्यांच्या दोन वह्या पण गेल्या. माल परत भरला, त्या वह्या परत भरता आल्या नाहीत. तर तिनं माझ्या त्या छोट्या पानावर एक बटण दिलंय, 'पाणी वाढलंय'. ते दाबलं की साईटच्या वर पट्टी येते, माल हलवतोय, ऑर्डर आठ दिवसांनी, आणि ऑर्डर घेणं आपोआप थांबतं. पत्ते आता वहीत नाहीत, आणि दर रविवारी त्यांची एक यादी माझ्या मेलवर येते. मी तिला पुराबद्दल एक शब्द सांगितला नव्हता हो, तिनं विचारलं. तिचं घर पण त्या पाण्यात होतं हे नंतर कळलं.

आता तो कापलेला स्टार. चार आठवडे सांगून सात आठवडे लागले. संध्याकाळी सहानंतर फोन उचलत नाही, मेसेज टाका म्हणते, आणि आमचं दुकान तर संध्याकाळीच चालतं, तेव्हाच अडचणी येतात. एकटी आहे त्यामुळं ती आजारी पडली तेव्हा आठवडाभर सगळं थांबलं. पैसे बत्तीस हजार, डोमेन आणि होस्टिंगचं (साईट इंटरनेटवर ठेवायच्या जागेचं) दरवर्षीचं वेगळं. पहिल्यांदा ऐकून ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, फुकट होतंय तिथं बत्तीस कशाला. मला पण आकडा जड गेला. दोन हप्त्यात घेतले तिनं. डोमेन माझ्या नावावर, पासवर्ड वहीत लिहून माझ्या हातात दिले आणि बजावलं की उद्या मी नसले तरी दुसरा कुणी हे चालवू शकला पाहिजे. फोटो स्लायडरला, म्हणजे एकामागोमाग सरकणाऱ्या फोटोंना, ती शेवटपर्यंत नाही म्हणाली, मला अजून वाटतं एक असता तर छान दिसलं असतं.

घ्यावं का? नुसतं कार्ड आणि पत्ता टाकायचा असेल तर नका घेऊ, फुकटवालं पुरतं, तिनं स्वतः आमच्या शेजारच्या भांडीवाल्यांना तसं सांगून परत पाठवलं. रोज भाव बदलणारा, बाहेरगावी माल जाणारा धंदा असेल तर घ्या, आणि तिला दुकानात दोन दिवस बसू द्या.

भाच्याला मी सांगितलं की तुला जर चौकोन मांडायला आणि रंग भरायला आवडत असेल तर तुझे वडील बरोबर बोलतायत, ते सोड. पण माणसं असं का करतात हे बघत बसायला आवडत असेल तर ये, रविवारी दुकानात बस. गेल्या रविवारी आला, वही घेऊन, काट्याजवळ त्याच पोत्यावर. दुपारी जेवायला उठला तेव्हा मी वही बघितली. अर्ध्या पानात एकच वाक्य, 'भाव विचारायच्या आधी सगळे मूठ भरून वास घेतात.' मला म्हणाला मामी, आवाज झाला, पण वास साईटवर कसा द्यायचा? मी त्या मुलीला मेसेज टाकून विचारलं. सहाच्या आत टाकला होता, लगेच उत्तर आलं, तिला पण अजून सुचलेलं नाही, पुढच्या रविवारी येते म्हणाली.